घसा खाकरणं, आंबट पाणी आणि रात्रीचं घोरणं: पित्ताचा डोस वाढवायचा की झोप तपासायची?

प्रश्न थोडक्यात असा: मिस्टर ४७ वर्षांचे, सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर. दीड वर्षापासून सकाळी उठल्या उठल्या घसा खाकरणं सुरू होतं. कफाचा गोळा अडकल्यासारखं वाटतं, दुपारपर्यंत आवाज बसलेला असतो. छातीत जळजळ फारशी नाही. पोटाची एंडोस्कोपी नॉर्मल आली. आठ महिने पित्ताची गोळी रोज चालू आहे, फरक किरकोळ. एक डॉक्टर म्हणतात डोस दुप्पट करा. दुसरे म्हणतात हे घोरण्यामुळे आहे, स्लीप स्टडी करा. घोरणं जोरात आहे, मध्येच श्वास थांबल्यासारखा होतो, आणि दोन-तीन वेळा गुदमरून उठले तेव्हा तोंडात आंबट पाणी होतं. खरं काय धरायचं? घोरण्यासाठी झोपेत लावायचं श्वासाचं मशीन लावलं तर घसा सुटेल का? गोळी बंद करावी का?

ताई, तुम्ही शेवटी जाता जाता जे लिहिलंत ते मी पहिलं धरतो: झोपेत श्वास थांबतो आणि गुदमरून उठतात. ज्याच्याबद्दल घरचं माणूस असं सांगतं, त्याच्या गोळीचा डोस वाढवण्याआधी झोपेची तपासणी व्हायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. घसा त्यामुळेच बिघडलाय का, हा पुढचा प्रश्न. त्याचं उत्तर थोडं गुंतागुंतीचं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

मी कान-नाक-घशाचा डॉक्टर, प्रॅक्टिस सोलापुरातच. 'घशात काहीतरी अडकलंय, गिळलं जात नाही आणि थुंकूनही येत नाही' ही आमच्याकडची रोजची तक्रार. अशा पेशंटच्या पिशवीत आधीच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा असतो आणि जवळजवळ प्रत्येक चिठ्ठीवर पॅन्टोप्राझोल नाहीतर रॅबेप्राझोल ही आम्ल कमी करणारी पित्ताची गोळी, बहुतेक वेळा मळमळीवरच्या डोमपेरिडोनच्या जोडीनं. रात्री झोप कशी लागते, हे कोणी विचारल्याची नोंद क्वचितच दिसते.

आधी घशाबद्दल. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला स्नायूंचं एक कडं असतं आणि वरच्या टोकाला, घशाच्या तोंडाशी, दुसरं. खालचं ढिलं पडलं की जठरातलं आम्ल अन्ननलिकेत येतं आणि छातीत जळजळतं. वरचंही ओलांडून ते घशात, स्वरयंत्रापर्यंत पोचलं की खाकरणं, आवाज बसणं, कोरडा खोकला, घशात गोळा. अन्ननलिकेचं अस्तर थोडंफार आम्ल सोसतं, स्वरयंत्राच्या अस्तराला तेवढंही सोसत नाही. म्हणून छातीत अजिबात जळजळ नसताना घसा मात्र बिघडलेला, असं होऊ शकतं, आणि एंडोस्कोपी नॉर्मल येऊ शकते. अमेरिकेतल्या डॉ. जेमी कॉफमन यांनी १९९१ मध्ये हे चित्र सविस्तर मांडलं आणि घशाच्या डॉक्टरांना एक नवं निदान मिळालं. गंमत अशी की त्यानंतर घशाची प्रत्येक कुरकुर पित्ताच्या खात्यावर जमा व्हायला लागली.

२००२ मध्ये एक प्रश्नावली आली, जी आजही जगभर वापरतात. नऊ तक्रारी, प्रत्येकीला शून्य ते पाच गुण, एकूण ४५. बेरीज १३ च्या वर गेली की घशाचं रिफ्लक्स, म्हणजे जठरातलं वर घशात येणं, असण्याचा संशय घ्यायचा. आता त्यातल्या तक्रारी बघा: आवाज बसणं, घसा खाकरणं, घशात जास्तीचा कफ, गिळायला त्रास, आडवं झाल्यावर खोकला, श्वासाला त्रास किंवा गुदमरणं, त्रासदायक खोकला, घशात गोळा, आणि छातीत जळजळ. यातली शेवटची एक सोडली तर बाकीच्या बऱ्याचशा तक्रारी रात्रभर तोंड उघडं टाकून घोरणारा कोणताही माणूस सांगेल. तुमच्या मिस्टरांना ही प्रश्नावली भरायला दिली तर ते १३ सहज पार करतील. त्यावरून आम्ल घशात येतं हे सिद्ध होत नाही. घसा त्रासलेला आहे एवढंच कळतं, आणि ते त्यांना आधीच माहीत आहे.

दुसरी गोष्ट माझ्याच खोलीतली. आम्ही नाकातून बारीक दुर्बीण घालून स्वरयंत्र बघतो. मागच्या बाजूला लाली, थोडी सूज दिसली की 'पित्तानं भाजलंय' असं म्हणायची पद्धत पडलीय. पण ती लाली तंबाखूनं येते, सतत खाकरण्यानं येते, घोरण्यानं येते, आणि काहीही तक्रार नसलेल्या लोकांतही दिसते. एकच स्वरयंत्र दोन डॉक्टरांना दाखवलं तर दोघं वेगवेगळं सांगू शकतात. दुर्बिणीचा खरा उपयोग गाठ, व्रण, स्वरतंतूची हालचाल बघायला. तो मोठा उपयोग आहे, आणि तुमच्या मिस्टरांची ती तपासणी झाली नसेल तर जरूर करून घ्या. पोटाची एंडोस्कोपी झाली म्हणजे स्वरयंत्र नीट पाहिलं गेलं असं समजू नका. ती नळी तिथून झटकन खाली जाते.

मग गोळीचं काय? ब्रिटनमध्ये सततच्या घशाच्या तक्रारी असलेल्या ३४६ रुग्णांवर एक चाचणी झाली, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. अर्ध्यांना लॅन्सोप्राझोल ही त्याच जातीची पित्ताची गोळी दिवसातून दोनदा, अर्ध्यांना तशीच दिसणारी पण औषध नसलेली गोळी, १६ आठवडे. दोन्ही गटांना बरं वाटलं, आणि औषधाच्या गटाला काही जास्त बरं वाटलं नाही. म्हणजे वेळ, धीर आणि 'आपल्यावर उपचार चाललेत' ही भावना, यांनीच बराच फरक पडतो. शिवाय या गोळ्या आम्लाचं प्रमाण कमी करतात. जठरातलं वर येणं थांबवत नाहीत. आम्ल कमी झालं तरी पेप्सिन (जठरातला अन्न पचवणारा घटक), पित्तरस वर येतच राहतात. म्हणून आठ महिन्यांत फरक पडला नाही म्हणजे डोस कमी पडला, हा निष्कर्ष मला पटत नाही. अमेरिकेतल्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२२ मध्ये दिलेला सल्लाही तसाच: छातीत जळजळ नसलेल्या रुग्णाला नुसत्या घशाच्या तक्रारीवर गोळ्या चालू करण्याआधी रिफ्लक्स आहे का ते मोजा.

आता झोपेकडे येऊ. घोरणं वेगळं आणि स्लीप अ‍ॅप्निया वेगळा. झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, टाळू आणि जिभेचा मागचा भाग श्वासाची वाट अरुंद करतात, हवा थरथरत जाते, ते घोरणं. वाट पूर्ण बंद झाली आणि दहा सेकंद किंवा त्याहून जास्त हवा आत गेलीच नाही, तर तो अ‍ॅप्निया. छाती-पोट हलतं, माणूस जोर लावतो, पण हवा नाही. रक्तातला ऑक्सिजन घसरतो, मेंदू अर्धवट जागा होतो, मोठा घुर्र आवाज करून श्वास सुटतो. सकाळी पेशंटला यातलं काही आठवत नाही. आठवतं ते शेजारी झोपलेल्याला. भारतात असे प्रौढ सुमारे दहा कोटी असावेत, असा अंदाज दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी २०२३ मध्ये मांडला.

या आजाराचा घशाशी संबंध निदान तीन वाटांनी येतो.

पहिली वाट साधी, आणि तिचा पित्ताशी काही संबंधच नाही. रात्रभर तोंडानं श्वास, त्यामुळे घसा कोरडा ठणठणीत. टाळू आणि पडजीभ तासन् तास थरथरतात, सुजतात. सकाळी चिकट कफ, खाकरणं, आवाज जड. मार्च ते मे या काळात सोलापुरात ही मंडळी जास्त येतात, कारण पारा ४० च्या वर, हवा कोरडी, आणि रात्री पंखा थेट तोंडावर. दुपारपर्यंत पाणी पोटात गेलं, बोलणं झालं की आवाज सुटतो. तुमच्या मिस्टरांचा आवाज दुपारी मोकळा होतो, हे तुम्ही लिहिलंत ते इथं कामाचं आहे. दिवसभर जेवल्यानंतर, वाकल्यावर त्रास वाढत असता तर मी रिफ्लक्सकडे जास्त झुकलो असतो.

दुसरी वाट अ‍ॅप्नियामुळे होणाऱ्या खऱ्या रिफ्लक्सची. एक प्रयोग करून बघा: नाक चिमटीत धरा, तोंड मिटा आणि श्वास आत ओढायचा प्रयत्न करा. छातीत एक ओढ जाणवेल. अ‍ॅप्नियात रात्री अनेकदा हेच होतं. त्या ओढीनं जठरातलं आम्ल वर खेचलं जातं, असं आम्ही पुष्कळ वर्षं शिकलो आणि शिकवलं. पण २०१० च्या सुमारास झोपेत अन्ननलिकेतला दाब मोजून पाहिला तेव्हा वेगळंच दिसलं. श्वास अडलेला असताना अन्ननलिकेची दोन्ही टोकं उलट जास्त घट्ट आवळली जातात. शरीर स्वतःचा बचाव करतं. आम्ल वर येतं ते प्रामुख्यानं नंतर, मेंदू अर्धवट जागा होतो त्या क्षणी, कारण खालचं कडं आपोआप सैल पडण्याचे प्रसंग अशा जागेपणात घडतात. म्हणजे गुन्हेगार ओढीपेक्षा तुटलेली झोप आहे. तासाला तीसदा झोप मोडणाऱ्या माणसाला आम्ल वर यायच्या तीस संधी मिळतात.

आणि एकदा वर आलं की झोपेत ते खाली ढकलायला कोणी नसतं. जागेपणी आपण मिनिटा-दोन मिनिटांनी आवंढा गिळतो, लाळ आम्ल धुऊन काढते. गाढ झोपेत गिळणं जवळजवळ थांबतं, लाळही आटते, आणि घशाजवळचं वरचं कडंही ढिलं असतं. दिवसा दोन मिनिटांत धुतलं जाणारं आम्ल रात्री बराच वेळ तिथं बसून राहतं. 'दिवसभर काही नाही, सकाळीच त्रास' या तक्रारीमागे हेही कारण असू शकतं.

तिसरी वाट उलट दिशेची: रिफ्लक्समुळे अ‍ॅप्निया वाढतो का? सुजलेला घसा अरुंद होणार, आणि सतत भाजलेल्या, थरथरलेल्या घशाची संवेदना बोथट होते, त्यामुळे वाट बंद होताना स्नायू वेळेवर सावध होत नाहीत. विचार म्हणून हे पटतं. पण नुसत्या पित्ताच्या गोळ्या देऊन अ‍ॅप्निया बरा झाला, असं खात्रीनं दाखवता आलेलं नाही. झोप थोडी सुधारते, दिवसाची पेंग थोडी कमी होते. श्वास अडणं फारसं हलत नाही. म्हणून 'आधी पित्त बरं करू, घोरणं आपोआप जाईल' या आशेवर वर्ष घालवू नका.

या तिन्हींच्या मुळाशी बहुतेक वेळा वाढलेलं पोट असतं. पोटातला दाब आम्ल वर ढकलतो, मानेतली आणि जिभेतली चरबी वाट अरुंद करते. दोन आजार एकत्र दिसतात याचं मोठं कारण हे की दोघांना घर एकच मिळालंय. आपल्याकडे वजनाचे निकष युरोपपेक्षा कडक ठेवावे लागतात: बीएमआय (उंचीच्या मानानं वजनाचा आकडा) २५ झाला की लठ्ठपणा धरायचा, पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० च्या पुढे गेली की सावध व्हायचं. 'मी काही जाडा नाही, फक्त पोट आहे' म्हणणाऱ्या माणसाची मी टेपनं मान आणि कंबर मोजतो, पुढचं बोलणं सोपं होतं.

आता ते गुदमरून उठणं. याचे दोन-तीन प्रकार असतात आणि ते तुम्हीच ओळखू शकता. आधी घोरणं, मग शांतता, मग दचकून मोठा श्वास आणि काही सेकंदांत पुन्हा झोप: हा अ‍ॅप्निया. अचानक उठून बसले, श्वास आत घेताच येत नाही, घशातून शिट्टीसारखा आवाज, घाबरगुंडी, आणि मिनिटभरात हळूहळू सुटलं, तोंडाला आंबट-कडू चव: हे आम्ल स्वरयंत्राला लागून स्वरतंतू मिटले गेल्याचं लक्षण. अशा वेळी तोंडानं हवा ओढायची धडपड करू नये. नाकानं, हळू, छोटे छोटे श्वास घ्यावेत. भीती वाटते, पण ते सुटतं. तिसरा प्रकार विसरू नका: आडवं झाल्यावर धाप, उठून बसलं किंवा खिडकीशी गेलं की दहा-पंधरा मिनिटांनी बरं, पायावर सूज. हे हृदयाचं असू शकतं. त्यासाठी माझ्याकडे नाही, त्याच दिवशी फिजिशियनकडे जा.

तुमच्या मिस्टरांना आंबट पाणी आलं, म्हणजे त्यांना दोन्ही असण्याची शक्यता बरीच आहे.

तपासणी कोणती? आधी एक फुकटची: मोबाइलवर रात्रीचा व्हिडिओ. घोंगडी-चादर छातीवरून बाजूला, मंद दिवा, पहाटे तीन ते पाचच्या दरम्यान पाच-दहा मिनिटं. पहाटेच्या झोपेत श्वास जास्त अडतो. हा व्हिडिओ डॉक्टरांना दहा प्रश्नांपेक्षा जास्त सांगतो. मग आठ प्रश्नांची एक छोटी यादी वापरतात: घोरणं जोरात, दिवसा थकवा, श्वास थांबताना कोणी पाहिलंय, रक्तदाब, वजन, वय ५० च्या पुढे, जाड मान, पुरुष. तीन 'हो' आले की मध्यम धोका, पाच किंवा त्याहून जास्त आले की मोठा. तुमच्या चिठ्ठीतच तीन 'हो' आहेत, रक्तदाब आणि मान तर मला माहीतही नाही.

मग स्लीप स्टडी. तुमच्या मिस्टरांसारख्या स्पष्ट केसमध्ये घरी करायची तपासणी पुरते: नाकाशी बारीक नळी, छातीवर पट्टा, बोटाला ऑक्सिजनचा चिमटा, आपल्याच बिछान्यात एक रात्र. नळाला पाणी यायची पाळी असलेली रात्र मात्र टाळा. दोन वाजता उठून टाकी भरली तर तपासणीत काय येणार? रिपोर्टमध्ये तासाला किती वेळा श्वास अडला किंवा उथळ झाला तो आकडा बघायचा. पाचच्या खाली ठीक, ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या पुढे तीव्र. सोबत ऑक्सिजन किती खाली गेला तेही विचारा. घरची तपासणी चांगली आली पण लक्षणं पक्की असतील, तर तिथं थांबायचं नाही. दवाखान्यात मेंदूच्या तारा लावून पूर्ण तपासणी करायची. रिफ्लक्स पक्कं करायचं असेल तर नाकातून तार घालून २४ तास आम्ल आणि द्रव मोजतात. खात्रीशीर तपासणी तीच, पण सगळीकडे सहज होत नाही. तुमच्या बाबतीत मी ती आत्ता मागणार नाही. आधी झोप, मग गरज पडली तर ती.

तुमचा दुसरा प्रश्न, मशीन लावलं तर घसा सुटेल का. सीपॅप म्हणजे मास्कमधून सौम्य दाबानं हवा सोडून घशाची वाट उघडी ठेवणारं यंत्र. सिडनीच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये ते पहिल्यांदा मांडलं. अमेरिकेत ३३१ अ‍ॅप्निया रुग्णांच्या एका अभ्यासात (२००३) ६२ टक्क्यांना रात्री रिफ्लक्सचा त्रास होता, आणि ज्यांनी सीपॅप नेमानं वापरलं त्यांचा तो त्रास जवळपास निम्म्यानं उतरला. ज्यांनी मशीन कपाटात ठेवलं त्यांना काही फरक नाही. पण लक्षात घ्या, ही मोजणी रात्रीच्या जळजळीची होती. घशाच्या बाबतीत मी पेशंटला एवढंच सांगतो: सकाळचं खाकरणं, कोरडेपणा, आवाज यांत सुधारणा दिसू शकते, पण तीन महिने द्या, आणि शंभर टक्के हमी मागू नका. मध्यम किंवा तीव्र अ‍ॅप्निया निघाला तर मशीन रक्तदाबासाठी, दिवसाच्या पेंगेसाठी, हृदयासाठी लावायचं. घसा सुटला तर वरकड.

मशीनमुळे घसा बिघडूही शकतो, हे विकणारे सांगत नाहीत. हवा कोरडी असेल तर घसा आणखी सुकतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ह्युमिडिफायर (हवा ओलसर करणारी पाण्याची टाकी) नसलेलं मशीन घेऊच नका, आणि त्यात बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड वॉटर घाला. काहींच्या पोटात हवा जाते, सकाळी ढेकरा आणि पोटफुगी. दाब कमी-जास्त करून घेतला की ते आटोक्यात येतं. मास्कमधून हवा निसटली तर तोंड कोरडं पडतं, आणि दाट मिशा असल्या की मास्क बसत नाही. मिशा काढायला कोणीच तयार होत नाही, मग नाकपुडीत बसणारा छोटा मास्क देतो. नाकाचं हाड फारच वाकडं असेल तर ते सरळ केल्यानं मशीन सोसतं, पण नुसत्या नाकाच्या ऑपरेशननं अ‍ॅप्निया जात नाही. 'घोरण्याचं लेझर करून टाका' म्हणणाऱ्यांना मी स्लीप स्टडीचा रिपोर्ट आधी मागतो. घोरण्याचा आवाज बंद झाला आणि श्वास अडणं तसंच राहिलं, तर धोक्याची घंटा तेवढी काढून टाकली असं होतं.

बिछाना आणि जेवण यांबद्दल जास्त स्पष्ट बोलतो, कारण इथं एकाच उपायाचा दोन्ही आजारांना फायदा होतो. डाव्या कुशीवर झोपणं: अन्ननलिकेतलं आम्ल लवकर खाली उतरतं, आणि उताण्या झोपेत मागे पडणारी जीभही बाजूला राहते. पाठीला टेनिस बॉल शिवलेला बनियन, किंवा मागे लोड लावून ठेवणं, काहीही चालेल. पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे लाकडी ठोकळे. उशांचा ढीग नको, त्यानं मान वाकते, पोट दबतं, दोन्ही त्रास वाढतात.

आणि रात्रीचं जेवण. नव्या पेठेतला दुकानदार साडेदहाला शटर ओढतो, अकराला जेवतो, साडेअकराला आडवा. कारखान्यात दुसरी पाळी करणाऱ्याचं तर त्याहून उशिरा. मला विचाराल तर शेंगा चटणीवर बंदी घालण्यापेक्षा जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवणं कितीतरी जास्त कामाचं. तिखटाचा आणि घशाच्या रिफ्लक्सचा संबंध लोक समजतात तेवढा पक्का नाही. तेलकट जेवण, पोट गच्च भरणं आणि लगेच आडवं होणं यांचा आहे. मुख्य जेवण कामावर जायच्या आधी किंवा सुट्टीत, आणि घरी आल्यावर अर्धी भाकरी, पातळ आमटी. कडक भाकरी ताकात चुरून खाल्ली तरी चालेल. पार्क चौपाटीवरची रात्रीची खाण्याची चक्कर महिन्यातून एखादी. दारू असेल तर तिचा हिशेब वेगळा: ती घशाचे स्नायूही सैल करते आणि जठराचं कडंही. 'झोप लागत नाही' म्हणून घेतलेली अल्प्राझोलमसारखी गोळी अ‍ॅप्नियात धोक्याची. ती चालू असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, आपल्या मनानं एकदम तोडूही नका.

वजनाबद्दल एकच आकडा देतो. अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये वर्षानुवर्षं लोकांची झोप मोजली गेली. त्यात वजन १० टक्क्यांनी उतरलं तर श्वास अडण्याचा आकडा सुमारे २६ टक्क्यांनी उतरला, आणि १० टक्के वाढलं तर सुमारे ३२ टक्क्यांनी वाढला. ८५ किलोच्या माणसाला साडेआठ किलो. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांची चौकशी हल्ली रोज होते. त्यातल्या टिर्झेपटाईडला अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये लठ्ठ माणसांतल्या मध्यम ते तीव्र अ‍ॅप्नियासाठी मान्यता मिळाली, २०२५ पासून ते भारतातही मिळतं. पण ते जठर हळू रिकामं करतं, त्यामुळे मळमळ, ढेकर, आंबट पाणी काहींना वाढतं. घशाची तक्रार असलेल्या माणसानं ते सुरू करताना हे धरून चालावं.

तुमच्या मिस्टरांच्या कामाबद्दलही थोडं. मागांच्या खडखडाटात दिवसभर ओरडून बोलणाऱ्याचा आवाज बसायला पित्त लागत नाही, घोरणंही लागत नाही. स्वरतंतूंवर गाठी येतात, त्याला आवाजाचे व्यायाम लागतात. सुताची धूळ घसा खवखवत ठेवते. मास्क लावा, घरी आल्यावर मिठाच्या पाण्यानं नाक धुवा. विडी वळणाऱ्या बायकांच्या घशाला तंबाखूच्या धुळीचा त्रास असतो, तोही 'पित्त' म्हणून वर्षानुवर्षं गोळ्यांवर काढलेला मी पाहिलाय. आणि मावा, तंबाखू, मिसरी यांपैकी काही चालू असेल तर माझी भाषा बदलते: आवाज चार आठवड्यांच्या पुढे बसलेला, गिळताना अडकतं, एकाच बाजूला घसा किंवा कान दुखतो, थुंकीत रक्त, मानेत गाठ, कारण नसताना वजन उतरतंय, यातलं एकही असेल तर रिफ्लक्स आणि झोप दोन्ही बाजूला ठेवून आधी दुर्बिणीतून स्वरयंत्र. तुमच्या मिस्टरांचा आवाज दीड वर्ष बसतोय, म्हणून ही तपासणी या आठवड्यातच उरकून घ्या.

एक अवांतर. हा प्रश्न बायको नवऱ्यासाठी विचारते, उलटं फार कमी वेळा होतं. पाळी गेल्यानंतर बायकांतही अ‍ॅप्निया वाढतो, पण त्या 'घोरते' असं सांगत नाहीत. झोप लागत नाही, सकाळी डोकं जड, दिवसभर गळून गेल्यासारखं, असं सांगतात. मग त्यांना थायरॉइड, रक्त कमी, टेन्शन अशी नावं मिळतात. थायरॉइड जरूर तपासावं, त्याच्या कमतरतेनंही अ‍ॅप्निया वाढतो. पण तुमचीही सकाळ अशीच जात असेल तर मिस्टरांसोबत तुमचंही नाव नोंदवा. रात्री तुमचं घोरणं ऐकायला ते जागे नसतात एवढंच. आमच्या एका पेशंटची बायको म्हणाली होती, यांच्यापेक्षा मागाचा आवाज परवडला, तो निदान पाळी संपली की थांबतो.

गाडीचंही विचारतो, कारण तुम्ही लिहिलं नाहीत. मोटारसायकलवर सिग्नलला पेंग येते का? अक्कलकोट रोडनं किंवा हैदराबाद हायवेवर गाडी चालवताना डोळा लागल्यासारखं झालंय का? एकदा जरी झालं असेल तर उपचार सुरू होईपर्यंत लांबचं ड्रायव्हिंग बंद. यात मी तडजोड करत नाही.

राहिला तिसरा प्रश्न, गोळी. डोस दुप्पट करू नका. बंद करायची तर आधी ती कशासाठी चालू झाली ते लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारा. रक्त पातळ करणारी औषधं किंवा रोजची अ‍ॅस्पिरिन, सांधेदुखीच्या गोळ्या, अल्सरचा इतिहास, अन्ननलिकेत जखमा असं काही असेल तर ती चालूच ठेवावी लागते. तसं काही नसेल, तर एकदम तोडल्यावर दोन-चार आठवडे आम्ल उसळी मारून जास्त तयार होतं आणि 'बघा, गोळीशिवाय जमत नाही' असं वाटायला लागतं. म्हणून दिवसाला दोन असतील तर आधी एक, मग एक दिवसाआड. ती घ्यायची वेळही बघा: नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी, उपाशीपोटी. जेवणानंतर आठवण झाली म्हणून घेतलेली गोळी अर्धीअधिक वाया जाते, आणि तुमचे आठ महिने असे गेले असतील तर गोळीची नीट परीक्षा झालेलीच नाही. मधल्या दिवसांत रात्री जेवणानंतर आणि झोपताना अल्जिनेटचं पातळ औषध घेता येतं. ते जठरातल्या द्रवावर साय धरल्यासारखा थर धरतं आणि वर येणं अडवतं. रक्तदाबाच्या रुग्णानं त्यातलं सोडियम विचारून घ्यावं. आठ महिने रोज गोळी झालीय, तर व्हिटॅमिन बी-१२ एकदा तपासा, शाकाहारी असाल तर नक्कीच. डोमपेरिडोन जोडीला असेल तर ते मात्र आधी काढायला सांगा. हृदयाच्या ठोक्यांवर त्याचा परिणाम होऊ शकतो, म्हणून ते रोज, महिनोन् महिने घ्यायचं औषध नाही.